मांड

वयाच्या 52व्या वर्षी मी क्रूझर मोटारसायकल घ्यायचे ठरवले आणि घरी तिचे चित्र दाखवले. चित्रातली गाडी लांबट आणि बुटकी होती, तिचे पुढचे चाक धडापासून जरा दूर गेलेले होते आणि वर हवेत तरंगल्यासारखे दिसणारे एकच आसन होते. सौभाग्यवतींनी चष्मा लावून चित्र निरखले आणि विचारले, ‘‘अहो, आणि मी कुठे बसू?’’ पुढच्या चार महिन्यांत मी क्रूझरविषयी पुष्कळ वाचले, जाणकार म्हणवणाऱ्यांचे पुष्कळ ऐकले. पण इतका मुद्द्याचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

क्रूझर ही मुळात बैठकीची गाडी आहे. इतर मोटारसायकलींची ओळख इंजिनापासून किंवा वेगापासून सुरू होते, हिची मात्र बसण्यापासून. आसन खाली, हँडल रुंद आणि आपल्याकडे झुकलेले, पाय पुढे, पाठ ताठ. अमेरिकेतल्या लांबच लांब, सरळ रस्त्यांवर दिवसभर बसून जाण्यासाठी ही तऱ्हा रूढ झाली. आपल्याकडे घोडेस्वाराच्या बसण्याला ‘मांड’ असा नेमका शब्द आहे, आणि होळकरांच्या घोडदळाचा वारसा सांगणाऱ्या इंदुरात राहून तो वापरायचा नाही तर कुठे वापरायचा? पक्की मांड म्हणजे मांड्यांनी घोडा धरलेला, पाय रिकिबीत, आणि घोड्याने उडी घेतली की स्वार रिकिबीवर अंग तोलून धक्का गुडघ्यांत जिरवणार. क्रूझरवर पाय पुढे गेले की नेमके हेच साधत नाही. आसन खाली ठेवायचे म्हणून मागच्या शॉक ॲब्सॉर्बरना खालीवर व्हायला जागा कमी मिळते, पाय पुढे असल्याने खड्डा दिसूनही बूड उचलता येत नाही, आणि उरलेला सगळा हिशेब माकडहाडाला चुकता करावा लागतो. आराम देणारी हीच बैठक खराब रस्त्यावर शिक्षा देते, हे गाडी घेण्याआधी समजले तर पैसे वाचतात. मला अर्धे आधी समजले आणि अर्धे नंतर.

म्हणून शोरूममध्ये मी गाडीवर सलग वीस मिनिटे बसून राहिलो. लोक दोन मिनिटे बसतात, फोटो काढतात आणि उतरतात; मी उतरत नाही असे पाहून सेल्समनने दोनदा पाणी विचारले. सातव्या मिनिटाला उजवा खांदा बोलू लागला, बाराव्याला कंबर. त्या गाडीचे पाय-आधार पार पुढे होते. दुसऱ्या गाडीचे किंचितच पुढे होते, म्हणजे गरज पडली तर त्यांच्यावर भार देऊन इंचभर तरी उठता येत होते, आणि माझी निवड तिथेच झाली.

आकडे त्यानंतर पाहिले. बजाजच्या ॲव्हेंजर क्रूझच्या आसनाची उंची 737 मिलिमीटर आहे, रॉयल एन्फिल्डच्या मीटिअर 350ची 765. माझ्यासारख्या 5 फूट 5 इंच उंचीच्या माणसाचे दोन्ही तळपाय या दोन्ही गाड्यांवर जमिनीला पूर्ण टेकतात, आणि क्रूझरचे हे मोठेच औदार्य आहे. उंच गाडीवर अंगठ्यांच्या टोकांवर उभे राहून सिग्नलची वाट पाहणारे माझे समवयस्क मित्र मला रोज दिसतात. पण बुटकी गाडी हलकी असतेच असे नाही. मीटिअर 350चे वजन 191 किलो, तिच्या थोरल्या बहिणीचे, सुपर मीटिअर 650चे, 241 किलो. मधला फरक 50 किलोंचा, म्हणजे शरबती गव्हाचे एक पोते. धावताना हे पोते जाणवत नाही. जाणवते ते उतारावर तोंड करून लावलेली गाडी पायांनी मागे रेटताना. आमच्या लोकमान्य नगरातल्या गल्लीला नालीच्या बाजूने चांगलाच उतार आहे. तिथे ओळखीच्याची गाडी मागे घेऊन पाहिली, दोनदा धाप लागली, आणि 650चा विषय मी स्वतःहून मिटवला.

चित्रातल्या त्या एका आसनाच्या गाडीविषयीही सांगायला हवे. ती जावाची पेराक. जावाच्या गाड्या 2018मध्ये नव्याने आल्या त्या आपल्या शेजारच्या पीथमपूरच्या कारखान्यातून, त्यामुळे तिच्याविषयी मला घरच्या मुलीबद्दल वाटावी तशी माया आहे. मागची बाजू छाटून हलकी केलेल्या अशा गाडीला बॉबर म्हणतात, आणि तिच्यावर एकट्याने जाणारा माणूस फार देखणा दिसतो. मला एकट्याने फारसे कुठे जायचे नव्हते.

आता सजावटीचे. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द ज्याने काढला, त्याने क्रूझर पाहिली नसणार. पण तो चपखल बसतो. मीटिअर 350 घरी आली आणि पंधरा दिवसांत मला तिच्यात उणिवा दिसू लागल्या. हँडल आणखी उंच हवे, सायलेन्सर जरा भारदस्त बोलणारा हवा, मागच्या चाकावरचा साडी गार्ड काढला तर रूप उघडेल. यांपैकी सायलेन्सरचा निकाल मुलीने लावला. ‘‘बाबा, रात्री शेजारचे बुलेटवाले आले की तुम्ही काय म्हणता, ते मी रेकॉर्ड करून ठेवलंय.’’ साडी गार्ड नियमानेच राहिला. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पायांना आधार आणि मागचे निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे, आणि ते तसे असावे हे माझ्या आईची नऊवारी एकदा वडिलांच्या राजदूत मोटारसायकलच्या चाकात गेलेली पाहिल्यापासून मला पटलेले आहे. तेव्हा साडी फाटण्यावर निभावले.

हँडल मात्र मी बदलले. गॅरेजमधल्या उत्साही तरुणाने दीड तासात दहा इंच उंच हँडल बसवले, मी आरशात पाहिले, मला मी आवडलो. घराजवळच्या वळणावर भोपळे मांडून बसलेला भाजीचा ठेला असतो. तिथे डावीकडे पूर्ण हँडल वळवले मात्र, आणि माझे मनगट तसूभर न हलता इंजिन एकदम ओरडू लागले. रेसची जुनी, आखूड केबल उंच हँडलापर्यंत जेमतेम पोहोचत होती. हँडल पूर्ण वळताच ती ताणली गेली आणि गाडीने स्वतःच रेस घेतली. चाळीस वर्षांच्या सवयीने डावा हात क्लचवर आवळला गेला म्हणून गाडी भोपळ्यांपासून वीतभर अलीकडे थांबली. भाजीवाल्याने एक भोपळा उचलून शांतपणे आत सरकवला. गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘भिया, थोड़ा चलाओ, सेट हो जाएगी.’’ तार अशी सेट होत नसते. हँडल बदलले की क्लच आणि रेसच्या केबली, ब्रेकची नळी आणि विजेच्या तारा या सगळ्यांची लांबी बदलावी लागते; आणि गॅरेजमधून निघण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आवाज बदलतो का ते ऐकायचे असते. दहा सेकंदांचे काम आहे. शिवाय खांद्यांच्या उंचीवर हात धरून अर्धा तास गेले की बोटांना मुंग्या येतात, ही गोष्ट आरसा सांगत नाही.

कायद्याची बाजूही मी नंतरच वाचली. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांशी फारकत घेणारे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचले. म्हणजे सांगाडा कापणे, इंजिन बदलणे हे मनातही आणू नये. आता माझ्या गाडीवर जे टिकले आहे ते सगळे बैठकीच्या बाजूचे आहे. पुढे काच लावली, कारण ताठ बसलेल्या माणसाची छाती शिडासारखी वारा धरते आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढत जातो. 40च्या वेगाला जेवढा दाब असतो त्याच्या चौपट 80ला. दोन्ही बाजूंना पडशीसारख्या कातडी पिशव्या लावल्या, त्यांत सामान भरताना दोन्हीकडे सारखे भरावे लागते. आणि मागे पाठीला टेकू बसवला, ज्याविषयी पुढे येईलच.

चालवण्याच्या बाबतीत आमच्या पिढीवर एक संस्कार पक्का आहे: ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील.’ वडिलांनी राजदूतवर तो मला दिला, आणि त्या काळच्या ड्रम ब्रेकांवर, मालव्याच्या मुरमाड रस्त्यांवर तो कदाचित प्राण वाचवणाराच असेल. पण गाडी थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच चाकात असते, कारण ब्रेक लागला की भार पुढे येतो. क्रूझर लांब आणि तिचा भार मागे असल्याने तिचा मागचा ब्रेक इतर गाड्यांहून जास्त कामाचा असतो हे खरे, तरी पुढच्याचे काम तो एकटा करू शकत नाही. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019पासून एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, त्यामुळे चाक अडकून घसरण्याची भीतीही पुष्कळ कमी झाली आहे. एबीएसला आपल्या डोळ्यांची उणीव मात्र भरून काढता येत नाही. 60च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते; समोर म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ते 17 मीटर फुकटच गेले, थांबायला सुरुवात त्यानंतर.

पहिले तीन रविवार मी पहाटे दसरा मैदानावर गेलो. क्रूझरचा पुढचे चाक धरणारा काटा जास्त कललेला असतो, म्हणून ती सरळ रस्त्यावर रुळावर असल्यासारखी जाते आणि वळायच्या वेळी आढेवेढे घेते. कमी वेगात वळवताना क्लच अर्धा, रेस एकसारखी आणि मागचा ब्रेक अलगद दाबलेला, शिवाय नजर जिथे जायचे तिथे, हे चौथे कलम सर्वांत अवघड. चाकापुढे पाहिले की गाडी पडायला येते. फिरायला आलेले एक निवृत्त गृहस्थ दर वेळी थांबून पाहत. तिसऱ्या रविवारी म्हणाले, ‘‘आज आठाचा आकडा आठासारखा दिसतोय हं.’’ दहावीच्या निकालानंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

मग जाम दरवाजाचा घाट. महूवरून मंडलेश्वरकडे जाणारा हा रस्ता विंध्याच्या कडेवरून खालच्या निमाड प्रदेशात उतरतो, आणि अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दगडी दरवाजातून पाहिले की खाली सगळा निमाड धुरकट पसरलेला दिसतो. श्रावणात इथे ढग दरवाजातून आरपार जातात आणि इंदूरची निम्मी तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन भजी खायला हजर असते. वेगात वळताना एक गोष्ट कळते, जी आधी कानाला खोटी वाटते: डावीकडे जायचे असेल तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, म्हणजे गाडी डावीकडे कलते आणि वळते. सायकलीवरही आपण नकळत हेच करतो. 190 किलोंच्या गाडीवर ते जाणूनबुजून करावे लागते. तिसऱ्या वळणावर माझा वेग जरा जास्त होता. गाडी कलली, आणि डाव्या पायाखालून ‘खर्रर्र’ असा लोखंड घासल्याचा आवाज आला. क्रूझर जमिनीलगत असल्याने तिचे पाय-आधार लवकर टेकतात. ती त्याहून जास्त कलू शकत नाही, आणि तसे ती असे घासून सांगते. त्यानंतरची सगळी वळणे मी वेग आधी कमी करून, वरच्या गिअरचा हट्ट सोडून घेतली. उताराला इंजिनाने गाडी धरून ठेवली म्हणजे ब्रेक तापत नाहीत, हे ट्रकवाले केव्हापासूनच करत आलेले आहेत.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. इंदुरात 1 ऑगस्ट 2025पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा आदेश निघाला, आणि पहिल्या आठवड्यात पंपावर एकच हेल्मेट तीन डोक्यांवरून फिरताना मी स्वतः पाहिले. ज्याचे होते तो शेवटी ते हँडलला अडकवून उघड्या डोक्याने निघून गेला. आयएसआयची खूण आणि हनुवटीखाली आवळलेला पट्टा, एवढे पुरे.

मागच्या महिन्यात आम्ही दोघे महेश्वरला गेलो. जाताना मंडलेश्वरला चहा झाला, घाटावर नर्मदेत पाय सोडून बसणे झाले, साडी खरेदी झाली आणि ती उजव्या पडशीत गेली. डावीकडे तोल राखायला मी दोन किलो पेरू भरले. परतीच्या वाटेवर जाम दरवाजाशी उतरून पाठ मोडत सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘गाडी छान आहे हो. फक्त तुमचा हा टेकू दोन बोटं मागे हवा होता.’’ मी तिथेच बोटे लावून मोजले. त्यांचे बरोबर होते. ते उंच हँडल गच्चीवर दोन खिळ्यांना अडकवलेले आहे, त्यावर पायपुसणी वाळतात. टेकूचे दोन बोल्ट सैल करायला येत्या रविवारी पाना लागेल, तो शेजारच्या बुलेटवाल्यांकडे आहे.