कुडाळ ते किटुई, व्हाया वसई

आधीच सांगते, मी काही फिरणारी बाई नाही. मालवणात शिवणक्लास घेते, लांबचा प्रवास म्हणजे वर्षातून एकदा जुन्या गोव्याला फेस्ताला जाणं, बस. पण आमच्या गावची एक सिस्टर केनियात किटुईच्या बाजूला एका मिशनमध्ये आहे, तिकडे मुलींना शिवण शिकवायला तीन आठवडे कोणीतरी या असं ती दोन वर्षं मागे लागली होती, आणि शेवटी 2024 च्या जुलैत आम्ही सहा जण निघालो. फादर, एक नर्स सिस्टर, सुतारकाम शिकवणारे रिटायर मास्तर, दोन कॉलेजची पोरं आणि मी. वाड्यात सगळ्यांना वाटलं मी कुवेतला कामाला चालले, कारण आमच्याकडे बाई पासपोर्ट काढते ती त्यासाठीच. शेजारीण तर विचारून गेली, "गो, पगार किती देतत?"

कागदपत्रांचं फार लांबण लावत नाही. केनियाने 2024 च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे ऑनलाईन प्रवास-परवानगी, सुरू केलाय, फॉर्म, फोटो, तिकडचं आमंत्रणाचं पत्र आणि 30 डॉलर, तो आला. खरा घोळ यलो फिव्हरच्या लसीचा. लोकांना वाटतं ही लस केनियावाले मागतात. तर इंडियातून थेट जाणाऱ्याला ते मागत नाहीत, मागतो आपलाच देश, परत येताना. केनिया यलो फिव्हरच्या यादीत आहे, त्यामुळे सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर क्वारंटाईनमध्ये टाकू शकतात. आणि ते पिवळं सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, हे लक्षात ठेवा. आम्हाला जवळचं सेंटर म्हणजे गोव्यात मुरगावला, लस तेव्हा 300 रुपये, पण एक बाटली फोडली की तिच्यात बऱ्याच जणांचे डोस असतात म्हणून ठरलेल्या वारीच बोलावतात. आम्ही पाच जण जूनमध्येच घेऊन आलो. मास्तर साठीच्या पुढचे, त्यांना आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली, मग मध्येच त्यांना ताप आला, असं करत करत त्यांची लस झाली 9 जुलैला. आणि विमान 15 चं. मास्तर पावसात भिजत एसटीने परत आले आणि म्हणाले, "परत येताना विचारतले ना, तवसर दहा दिस होतत." बरोबरच होतं म्हणा, पण त्यांच्या पोटात गोळा होता तो होताच, विमानतळावर कोणी अर्धवट वाचून अडवलं तर काय घ्या.

14 जुलै, रविवार. सकाळी मिस्सा, फादरांनी आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायका रडल्या, मीही रडले. संध्याकाळी कुडाळला मुंबईच्या गाडीत बसलो तेव्हाच कोणाच्या तरी मोबाईलवर आलं की खेडच्या पुढे दिवाणखवटीला रुळावर दरड आलीय. आम्ही काय, कोकणातली माणसं, पावसाळ्यात दरडीची बातमी म्हणजे भरती-ओहोटीसारखी, तीन-चार तासांत काढतील म्हणून डबे उघडून जेवायला बसलो. रत्नागिरीला गाडी थांबली. मग हळूहळू सरकत मध्यरात्री चिपळूण, आणि तिथे इंजिन बंद. पाऊस असा की फलाटावरचा माणूस समोरचा दिसत नव्हता. माती काढायची तर वरून परत येत होती म्हणे, आणि नंतर कळलं की मार्ग चालू व्हायला जवळजवळ 24 तास लागले.

त्या फलाटावर आम्ही तेर्स, म्हणजे आमची माळेची प्रार्थना, केली. आमची पाहून बाजूची दोन-तीन माणसं येऊन बसली, त्यात खारेपाटणची एक बाई होती नवऱ्याला घेऊन, नवऱ्याचं सकाळी मुंबईला हॉस्पिटलात डायलिसिस होतं. तो माणूस पाय सुजलेले घेऊन बाकड्यावर नुसता बसून होता. ती मला म्हणाली, तुमचा देव विमानाचं बघेल, आमचं पण सांगा जरा. मी सांगितलं.

पहाटे पाचला फादरांनी ठरवलं की गाडीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. एसट्या सोडल्या होत्या पण त्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आम्हाला एक ट्रॅव्हलर मिळाली, ड्रायव्हरने सांगितला तो आकडा दिला. ती बाई आणि तिचा नवरा, त्यांना पण घेतलं, सामान मांडीवर. मग परशुराम घाट, कशेडी, पुढे माणगावला ती नेहमीची रांग. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, 2011 पासून काम चालू आहे, माझ्या भाचीचा जन्म त्याच वर्षीचा, ती आता नववीत आहे. नवरा-बायकोला वाटेत हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. विमान पावणेचारचं, आम्ही एअरपोर्टला पोचलो तीन वाजून दहा मिनिटांनी, काउंटर बंद. मुलगी चांगली होती, पण बंद म्हणजे बंद. वर तिने सांगितलं की पहिल्या विमानात बसला नाहीत तर आखातातून पुढचं नैरोबीचं तिकीट पण आपोआप कॅन्सल होतं. हे मला माहितीच नव्हतं, मला वाटलेलं एसटीसारखं पुढच्या स्टॉपवर चढू. नो-शोचे पैसे भरून 19 तारखेची सहा सीटं मिळाली. पैसे कुठून आले ते विचारू नका, फादर अजून फेडतायत.

चार दिवस वसईला काढले, नर्स सिस्टरच्या मावशीकडे. वसईच्या आमच्या लोकांची बोली कानाला इतकी वेगळी लागते की पहिल्या दिवशी मी आणि मावशी एकमेकींशी पुस्तकी मराठीत बोलत होतो, शाळेतल्या बाईंसारखं. मंगळवारी किटुईच्या सिस्टरचा फोन आला. तिने सांगितलं की बरं झालं आज उतरला नाहीत, नैरोबीत पोरांचे मोर्चे चालू आहेत, फायनान्स बिलावरून जूनपासून पेटलंय, बिल मागे घेतलं तरी थांबलेले नाहीत आणि मंगळवार म्हटला की रस्त्यावर अश्रुधूर. फादर लगेच म्हणाले, बघा, दरड उगाच पडली नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मला नाही डोलावता आली. आमच्यासाठी पडली असेल तर त्या सुजलेल्या पायाच्या माणसासाठी कोणी पाडली? मी हे बोलून दाखवलं, जरा शांतता झाली, फादर चिडले नाहीत, म्हणाले, "ता माका पण समजणा नाय." मला तेवढं पुरलं.

तर त्याच फोनवर सिस्टर जाता जाता म्हणाली, प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका हां, इथे 2017 पासून बंद आहेत, एअरपोर्टवर काढून घेतात. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अहो, जुलैत मालवणातून निघालेला माणूस! आमच्याकडे पावसाळ्यात रेशनकार्ड पिशवीत, मीठ पिशवीत, माणूससुद्धा पिशवीत जातो. सामान उघडलं तर प्रत्येक झगा, प्रत्येक चपलेचा जोड, मसाला, काजू, सुकट, बायबल, सगळं पिशवीत आणि ती पिशवी परत दुसऱ्या पिशवीत. पोरांनी मोजल्या, एकसष्ट.

मग काय, मावशीचं पायाचं मशीन होतं, तिच्या जुन्या साड्या आणि दोन पडदे मागून घेतले आणि मी बसले. तीन दिवसांत चाळीसेक कापडी पिशव्या झाल्या, नाडीच्या. मास्तर कापत होते, सुतार माणूस, रेघ सरळ मारतो, पण कापड म्हणजे प्लायवुड नाही हे त्यांना पटेपर्यंत एक पडदा गेला. बुधवारी तेवढा ब्रेक घेऊन माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेलो. त्याच दिवशी आषाढी होती, गाडीत टाळ घेतलेली दोन माणसं आमच्या समोर बसली होती, उपासाची केळी आम्हाला दिली त्यांनी. चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, ज्याचं जे मागणं असेल ते वाहायचं. विमान काही मिळालं नाही, मी साधी मेणबत्ती लावली.

19 जुलै, शुक्रवार. ह्या वेळी आम्ही सकाळी अकरालाच हजर. आत गेलो तर कॉम्प्युटरचे सगळे पडदे निळे. मला वाटलं असेच असतात, पोरं म्हणाली नाही, सिस्टीम पडलीय. त्या दिवशी जगभर एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चुकीच्या अपडेटने कॉम्प्युटर बसले होते, आपल्याकडे सकाळी दहाच्या आसपास सुरू झालं, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा नुसत्या रांगा, पोरं रडतायत, एक माणूस फळ्यावर मार्करने विमानांची नावं लिहून पुसतोय. मास्तर खाली बसले आणि म्हणाले, "आता समुद्रातसून होडयेन जाव्या."

पण गंमत सांगू, हाताने काम सुरू झाल्यावर आम्हालाच जरा बरं वाटलं. काउंटरवरच्या मुलाने पेनाने बोर्डिंग पास लिहिले, नाव, सीट, गेट. माझं अक्षर असतं तर जास्त सुबक आलं असतं. बॅगांच्या चिठ्ठ्यापण हातानेच, दोऱ्याने बांधलेल्या. मास्तरांनी आपलं पिवळं सर्टिफिकेट न मागता पुढे केलं, आज बरोबर दहावा दिवस होता, त्या मुलाने बघितलंसुद्धा नाही. मास्तर नाराज झाले. विमान पाच तास लेट सुटलं, आखातात पुढचं विमान त्यांनी कसंबसं गाठून दिलं, शनिवारी आम्ही नैरोबीला. सहा माणसं आली, बॅगा पाच. नसलेली बॅग फादरांची.

किटुईला पोचलो, कोरडी लाल माती, जुलैत तिकडे चक्क थंडी, आणि मुली काय हुशार. पहिला धडा मी त्या नाडीच्या पिशव्यांचाच घेतला, कारण तिकडे तीच रोजची गरज, आणि वसईच्या पडद्याचं कापड पोरींना फार आवडलं. फादर तोवर दुसऱ्याचे कपडे घालून फिरत होते, उंचीने लहान, पँट दुमडून.

गुरुवारी बॅग आली. चिठ्ठीवरची शाई पसरून नाव अर्धंच राहिलेलं. सगळे गोळा झालो, फादरांनी उघडली. आता त्यात होती कोकम आगळाची बाटली, त्यांच्या आईने दिलेली. मालवणातून निघताना ती तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून ठेवलेली. त्या मीच सोडल्या होत्या वसईला, आणि माझ्या हाताने शिवलेल्या कापडी पिशवीत, नाडी घट्ट ओढून, ठेवली होती. झाकण सैल झालेलं. रविवारच्या मिस्सेचा पांढरा शुभ्र झगा खालपासून गळ्यापर्यंत गुलाबी.

तिकडच्या एका सिस्टरने रक्त समजून किंकाळी मारली, तिला कोकम म्हणजे काय हे सांगता सांगता माझं इंग्रजी संपलं. चार पाण्यांतून काढला, उन्हात घातला, रंग काय हटेना. आता आमच्यात गुलाबी वस्त्र वर्षातून दोनच रविवारी चालतं, एक ख्रिसमसच्या आधी, एक ईस्टरच्या आधी, आणि हा तर जुलै. फादर झगा वर धरून बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "गो बाय, पिशवी मात्र बरी शिवलंस."