टायटस कॅन्यनमधलं चिकट झुडूप

मे महिन्यात अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या तापलेल्या वाळवंटात जाऊ नका, असं झाडून सगळ्यांनी बजावलं होतं. तरी गेलो. तिथल्या टायटस कॅन्यन या अरुंद घळीच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी चक्क फ्लीसचं जॅकेट घालून होतो. पुढच्या प्रकाराला तेच कारणीभूत.

आत शिरलं की दोन्हीकडच्या भिंती अंगावर येतात. वर शेकडो फूट नुसता चुनखडक. सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रात साचला म्हणे. आता पाण्याचा टिपूस नाही, मूठभर माती नाही. आणि तरीही माझ्या खांद्याच्या उंचीवर एका चिरेतून झुडूप बाहेर आलेलं, फुलांनी लगडलेलं. ताज्या लोण्याला असते तशी फिकट पिवळी छटा. पाच पाकळ्या, ऊन आरपार जाईल इतक्या पातळ. मधोमध पुंकेसरांचा झुबका.

"हात लावू नकोस!" बायको मागून ओरडली. नॅशनल पार्कात पानफूल तोडायला बंदी आहे, म्हणून ओरडली असेल असं मला वाटलं. मी हात लावलाही नाही. फोटोसाठी वाकलो, तेवढ्यात बाही घासली. मागे सरलो तर चार पानं बाहीला चिकटून सोबत आली! ती सोडवताना मनगट असं चुरचुरलं, की खाजकुइली आठवली.

हे रॉक नेटल. शास्त्रीय नाव युकनाइडी युरेन्स, त्यातल्या 'युरेन्स'चा अर्थच दाहक. बायकोने हे सगळं आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. सांगितलं मात्र नंतर. पानांवर दोन तऱ्हेचे केस: लांब ते टोचणारे, आखूड ते आकड्यांचे. आकडे कापडात रुततात, पान तुटतं, पण पकड सुटत नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या संशोधकांनी याच कुळातल्या वनस्पतींच्या टोचऱ्या केसांत कॅल्शियम फॉस्फेट असल्याचं दाखवलं. आपल्या दातांत असतं तेच. म्हणजे चावलं म्हणायला हरकत नाही.

परतीच्या वाटेवर मला एकच चिंता. पार्कातून काही न्यायचं नाही, आणि माझ्या बाहीवर चार पानं! दगडावर बसून तीन खरवडून काढली, तिथेच टाकली. चौथ्याचा एक कोपरा अजून शिवणीत आहे. ते जॅकेट बायको स्वतःच्या कपड्यांबरोबर धुवू देत नाही.