मेसची वही

होस्टेलवर मला माझ्या नावानं फक्त रेक्टर सर हाक मारतात. बाकी सगळ्यांसाठी मी ‘चांदवड’. माझा पार्टनर ‘देवळा’, समोरच्या खोलीत ‘वणी’. निफाडची पोरं इतकी आहेत की त्यांच्यात ‘निफाड मोठा’ आणि ‘निफाड चष्मा’ अशा वाटण्या कराव्या लागल्या. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या समाजाच्या ट्रस्टचं हे जुनं वसतिगृह आहे, गावाकडची माणसं त्याला अजून बोर्डिंगच म्हणतात. समाज कोणता ते लिहीत नाही. नाशकात वेगवेगळ्या समाजांची अशी बोर्डिंगं आहेत, आणि आतला कारभार सगळीकडे उन्नीस-बीस असाच असणार.

माझा आतेभाऊ अमेरिकेत एमएस करतोय. तिथल्या फ्रॅटर्निटींबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या मंडळांबद्दल, त्यानं फोनवर बरंच सांगितलं. ग्रीक अक्षरांची नावं, नवीन पोरांना आधी पारखून घेणं, मग आमंत्रण, मग शपथ, आणि वर वर्गणी. ‘तुमच्याकडे असलं काही आहे का रे?’ म्हणाला. आहे की. फक्त आम्हाला पारखत कुणी नाही. फॉर्मवरचं आडनाव बघितलं की काम झालं.

पहिल्या रात्री मेसच्या टेबलावर उभं राहून नाव, गाव, तालुका सांगायचा आणि एक गाणं म्हणायचं, एवढीच आमची इंट्रो. भिंतीवर १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याचा बोर्ड आहे, तोही त्याच टेबलाच्या मागे. मी गाणं म्हटलं, पोरं हसली, विषय संपला. त्या रात्री मी इथला झालो, असं काही मला वाटलं नाही. ते वाटलं दिवाळीनंतर.

त्या वर्षी लाल कांद्याला भाव नव्हता. वडिलांनी ‘थांब जरा, पाठवतो’ म्हणून महिना काढला, मग दुसरा. मेसचं बिल थकलं. आमची मेस पोरंच चालवतात, डिव्हायडिंगवर. किराणा, भाजी, गॅस, महाराजांचा आणि पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार हे सगळं मिळवायचं आणि महिन्याच्या एकूण हजेऱ्यांनी भागायचं. जो गावी जाईल त्यानं आदल्या संध्याकाळी वहीत खाडा टाकायचा. सलग तीन दिवस असेल तरच खाडा धरतात, नाहीतर नाही. थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर लागायची. माझं लागलं नाही. मेस सेक्रेटरी दादाला विचारलं तर तो वहीतून मान वर न काढता म्हणाला, ‘ठेवीतून भरलंय. कांदा विकला की दे.’

ही ठेव म्हणजे इथून शिकून नोकरीला लागलेल्या जुन्या पोरांनी जमवलेली रक्कम. बँकेत मुदत ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून अडलेल्याची मेस भरायची. कुणाची भरली ते फक्त सेक्रेटरीला माहीत. यंदा ती वही माझ्याकडे आली आहे. त्यामुळे आता मला माहीत आहे की ऐटीत बुलेट फिरवणाऱ्या कुणाकुणाच्या ताटात त्या व्याजाची भाजी पडलेली आहे. सांगणार नाही.

बीकॉमचा माणूस असल्यामुळे मला पुढची गोष्ट जास्तच आवडते. पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं गोवर्धनातल्या, म्हणजे इथल्याच, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक दरानं, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. २४० भागिले २० बरोबर १२! मी तिथंच मोबाईलवर हिशोब केला तेव्हा ‘निफाड चष्मा’ मला सोडून खाली पायऱ्यांवर जाऊन बसला होता.

पण त्याच लेखात असंही आहे की हे लेणं चारी दिशांच्या भिक्खुसंघासाठी आहे. म्हणजे कुठूनही आला तरी चालेल. आणि आमच्या ठेवीच्या नियमात पहिलंच वाक्य आहे, ‘समाजातील होतकरू विद्यार्थ्यांसाठी’.

ज्यांनी हे लिहिलं त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक निघाली. १९२० साली ते नाशकात उदाजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीला आले होते. खेड्यातल्या पोराला तेव्हा शहरात ना कुणी खोली देत होतं, ना कुणी पंगतीला बसू देत होतं. आपापल्या समाजाची चूल पेटवली म्हणून ती पोरं शिकली. माझे आजोबाही अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. पण आता कॉलेज रोडवर कुठल्याही खानावळीत पैसे टाकले की ताट मिळतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं काय, एवढाच प्रश्न उरलाय, आणि त्याचं उत्तर आम्ही अजून आडनाव बघून देतो.

हे डोक्यात यायचं कारण ‘पेठ’. पेठ तालुक्यातला पोरगा, माझ्याच वर्गातला, आमच्या समाजाचा नाही. गेल्या वर्षापासून आमच्या खोलीत पॅरासाइट आहे, म्हणजे रजिस्टरला नाव नसताना राहतो. रेक्टर सर राउंडला आले की गच्चीवर जातो. सगळ्या मजल्याला ठाऊक आहे, कुणी बोललं नाही. अकाउंट्सला आमची अर्धी विंग त्याच्या वह्यांवर पास झाली. जेवायचा मात्र तो बाहेर, आणि महिनाअखेरीला वडापाववर.

मी मेसच्या मीटिंगमध्ये विषय काढला. खूप वाजलं. ‘आज एक, उद्या दहा येतील’, ‘ट्रस्टी काय म्हणतील’, आणि एकानं तर सरळ, ‘त्यांची सरकारी होस्टेलं आहेत ना?’ हे म्हणणारा माझ्या जवळचा मित्र आहे, आणि माझं बिल थकलं होतं तेव्हा मला शंभराच्या नोटा देणाराही तोच. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी हात वर करून मोजलं, थोडक्यात निभावलं.

मग सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. ‘रजिस्टरला नाव येता कामा नये. गेस्टचं कूपन फाडा, रोजचं. आणि तो गच्चीवर जातो तेव्हा दार ओढून घ्यायला सांगा, वाऱ्यानं आपटतं.’

ठेवीतून मात्र पैसे देता येत नाहीत, नियम तो नियम. म्हणून आम्ही आठ-दहा जण मिळून कूपनं घेतो. पेठला सांगितलं तर तो आधी नाहीच म्हणाला. फुकट जेवणार नाही, स्कॉलरशिप आली की फेडीन, वहीत मांडून ठेव. ठीक, मांडलं. मग जुलैत भातलावणीला गावी निघाला तर संध्याकाळी मेसमध्ये येऊन माझ्यासमोर वही ओढली.

म्हटलं, ‘गेस्टला खाडा नसतो रे.’

‘नसतो कसा? आठ दिवस जेवणार नाही तर आठ दिवसांचे पैसे कशाला लावतो? टाक खाडा.’

टाकला.