तुम्ही विचारलंत म्हणून: बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत पॉझिटिव्ह कसं राहायचं?

नका राहू. या उत्तरावर माणसं चिडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्तनात गाठ, सोनोग्राफी, "बायोप्सी करून घ्या" इथवरचं तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न मधल्या दिवसांचा असतो, आणि बहुधा तो नवरा, बहीण किंवा जाऊ विचारते: "ती फार निगेटिव्ह बोलते हो, तिला समजवा." तिचा गुन्हा एवढाच, की "कॅन्सर निघाला तर?" हे ती मोठ्याने बोलली. लगेच घरातून, "शुभ बोल गं, वास्तू तथास्तु म्हणते." आता गाठीची भीती आहेच, वर बोलल्याचा अपराधही तिच्याच माथी.

तर त्या नमुन्याचं पुढे काय होतं ते ऐका. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून बहुधा 14 गेजच्या सुईने बारीक तुकडे काढतात आणि फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. पेशी असतील तशा तिथेच थिजतात. किमान 6 तास फॉर्मेलिनमध्ये, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, अल्कोहोल धुऊन काढणारं झायलिन, पॅराफिन मेणाचा ब्लॉक, त्याचे 3-4 मायक्रॉनचे काप, मग रंग आणि शेवटी मायक्रोस्कोप. घाई करून फॉर्मेलिनचा वेळ कापला, तर पुढची ईआर-पीआर तपासणी (गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक आहेत का, ते पाहणारी) फसवी येऊ शकते. म्हणजे "एवढा उशीर, नक्कीच काहीतरी आहे" हे गणित कच्चं आहे. कधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी) लागते, कधी आणखी खोल काप हवे असतात, कधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेतात, कधी मध्ये रविवार येतो. साध्या गाठीतही हे सगळं घडतं. या साखळीत तुमच्या मनाचा हात नेमका कुठे पोचतो, सांगा बरं.

"पण रोग निघालाच तर मनोबल लागतंच की!" हा पुढचा हल्ला. 1979 साली लंडनच्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या 69 स्त्रियांच्या छोट्या अभ्यासात झुंजार वृत्तीच्या रुग्णांचं बरं चाललेलं दिसलं. तेच सगळीकडे पसरलं. 1999 साली 578 स्त्रियांच्या अभ्यासात झुंजार वृत्तीचा जगण्याशी संबंध दिसला नाही. ते मात्र पसरलं नाही. प्रामाणिकपणे हेही सांगते, की त्याच अभ्यासात खोल हताशा आणि नैराश्य असलेल्यांचे निकाल वाईट होते. कशामुळे काय, हा वाद त्या आकड्यांनी मिटत नाही. म्हणून दोन आठवडे कशातच रस नाही, जेवण तुटलंय, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नकोसं झालं असेल तर दोन आठवडेही थांबू नका. रिपोर्टच्या आदल्या रात्री रडणं म्हणजे नैराश्य नव्हे.

करायची कामं वेगळी आहेत. नमुना देतानाच विचारा: रिपोर्ट कधी, सांगणार कोण, फोनवर की समोर? पीडीएफ रात्री अकराला मोबाइलवर आली तर उघडायची का, हे आधीच ठरवा. नातेवाइकांचे फोन एकाच माणसाने घ्यायचे, उत्तर एकच, "रिपोर्ट आला की आम्हीच कळवू." गाठ सारखी चाचपू नका. सुईमुळे आत रक्त साकळतं, गाठ मोठी लागते आणि धाबं दणाणतं. कापडातून दहा मिनिटं बर्फ, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल; ॲस्पिरिन स्वतःहून नको. संध्याकाळी अर्धा तास भीती मोठ्याने बोलायची, फक्त ऐकून घेणाऱ्या माणसापाशी.

पूर्वी "पॉझिटिव्ह राहा" म्हणायला बंदीच असावी असं माझं मत होतं. आता तेवढी ठाम नाही. काहींना जपाने खरंच झोप लागते, ती त्यांची त्यांनी शोधलेली वाट. माझा राग दुसऱ्याने चिकटवलेल्या हसऱ्या चेहऱ्यावर आहे. रिपोर्ट चांगला आला की "बघ, पॉझिटिव्ह राहिलीस ना!" असं ओपीडीच्या बाकावर बोलताना, शेजारी वाईट रिपोर्ट हातात घेतलेली बाई तेच ऐकत असते.

आणि चांगल्या रिपोर्टवरही एक प्रश्न उरतो: तो सोनोग्राफी-मॅमोग्राफीशी जुळतो का? फोटोत बायरॅड्स 5 (म्हणजे कॅन्सरचा दाट संशय) आणि बायोप्सीत काहीच नाही, असं असेल तर सुई गाठीत नीट न पोचल्याची शक्यता असते, तपासणी पुन्हा करावी लागते. पेढे आणण्याआधी डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.