पाणीवाल्या मावशी

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा सगळ्यात मोठा टप्पा. 30 किलोमीटरच्या आसपास चाल, शेवटी दिवे घाट आणि त्यात बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. पोटात भगर आणि शेंगदाण्याची आमटी, डोक्यावर हंडा. घाटाच्या अलीकडे वडकीला विसावा असतो. तिथं मी हंडा उतरवला तेव्हा दुसऱ्या दिंडीतले एक आजोबा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हंड्याकडे.

"पाणीवाल्या मावशी न्हाईत का यंदा?"

"माघात गेल्या."

"तुमी कोन त्यांच्या?"

"नात."

त्यांनी टोपी काढली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. वारीत वय बघून कुणी पाया पडत नाही. समोरचा वाकला की आपणही वाकायचं. मी वाकले. मग ते भुईवर नीट मांडी घालून बसले आणि ओंजळ पुढे केली. "द्या मग पाणी."

मांडी घालायची शिस्त थोरल्या आईचीच. (आजीला घरात सगळे थोरली आई म्हणायचे, दिंडीत तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.) उभ्यानं पाणी मागणाऱ्याला ती देतच नसे. "बस आधी. उभ्यानं प्यालेलं पाणी गुडघ्यात उतरतं." हे शास्त्र तिचं स्वतःचं. खरं कारण वेगळं होतं. माणूस बसला की दोन मिनिटं दम खातो, आणि तेवढ्यात कुणाला घेरी येतेय, कुणाच्या टाचेला फोड आलाय, कुणाचं औषध राहिलंय, हे तिला दिसायचं.

टीव्हीवर वारी बघणाऱ्यांना डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका चांगल्या माहीत असतात. हंडेवाल्या तेवढ्या दिसत नाहीत. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्या मागे बायकांत तुळस आणि हंडे. दिंडीचा ट्रक आणि टँकर पहाटेच पुढच्या तळाकडे निघून जातात. मग वाटेत ज्याला तहान लागेल त्याच्यासाठी हा हंडा. रिकामा झाला की दिसेल त्या नळावर, विहिरीवर, कुणाच्या दारात भरून घ्यायचा आणि पळत पळत आपली दिंडी गाठायची. हे पळणंच अवघड. सत्तरीला टेकलेली बाई कशी पळत होती कुणास ठाऊक.

आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा म्हटलं की लोकांना कास आणि महाबळेश्वर आठवतं; आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर कधी येणार एवढंच बोलणं. 1972 च्या दुष्काळात थोरली आई नवी सून होती. रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली. तेव्हाची एक गोष्ट ती नेहमी सांगायची. कामावर पाणी वाटायला यायचं ते मुकादमाच्या बाजूनं, आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या बायकांपर्यंत येईस्तोवर घागरीत तळ दिसायचा. ती टोकालाच बसलेली असायची. दिंडीत ती पाणी वाटायला कायम मागच्या टोकापासून सुरुवात करायची. या दोन गोष्टी तिनं स्वतः कधी जोडून सांगितल्या नाहीत. मी जोडते आहे.

2018 साली गावोगावी पाणी अडवण्याच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली. आमच्या गावाला बक्षीस मिळालं नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात माळावर चर खणायला माणसं जात होती आणि बांधावर थोरली आई हंडा घेऊन उभी. श्रमदानाला आलेल्या शहरातल्या पोरांनी तिचा फोटो काढायला मोबाईल वर केले तेव्हा ती म्हणाली, "फोटू नंतर, ती पाटी उचल."

तिला साधुसंत करायचा माझा विचार नाही. जिभेला हाड नव्हतं. गळ्यात माळ होती पण मिश्री सुटली नव्हती. महाराजांच्या नजरेआड, ट्रकच्या आडोशाला ती दात घासत बसायची. सुनांपैकी एकीवर तिचा उघड जीव होता आणि दुसरीच्या हातची भाकरी तिला कधी पटली नाही. पण गावात कुणाच्या घरी मयत झालं की चूल बंद असलेल्या त्या घरात पहिलं पिठलं-भाकरीचं टोपलं तिचं जायचं, मग त्यांच्याशी बांधावरून भांडण का असेना. 2020 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तो महिना ती घरात कुणाशी धड बोलली नाही. पुढं गावात करोना शिरला, दारांना बांबू लागले, आणि हिनं त्या बांबूंवरून आत फडक्यात बांधलेल्या भाकरी द्यायला सुरुवात केली. घरचे ओरडले. तिनं मनावर घेतलं नाही.

यंदा चालताना मला तिचं आणखी एक काम कळलं, जे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. जेजुरीच्या तळावर रात्री राहुटीत एक मावशी बोलत होत्या. गेल्या दहा-एक वर्षांत तळावर फिरती शौचालयं आलीत. त्याआधी बायकांना पहाटेच्या अंधाराशिवाय आडोसा नव्हता. थोरली आई तीनच्या आधी उठायची, नव्यानं आलेल्या तरण्या पोरींना हलवून जागं करायची, बॅटरी घेऊन सगळ्यांना एकदम न्यायची आणि शेवटची परत येईपर्यंत पाठ करून उभी राहायची. कुणी पुरुष त्या बाजूला फिरकला तर शिव्या ऐकूनच परत जायचा. मावशी म्हणाल्या, "तवा मी लगीन झाल्याव पयल्यांदा आल्ते. मावशी नसत्या तर वाल्ह्यावरनंच माघारी गेले असते."

नीरेला पादुकांचं स्नान झालं. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि मधून माऊलींचा अश्व, असं म्हणतात. मला फक्त आरोळी ऐकू आली. रिंगण सुटलं की शेकडो माणसं एकदम तहानलेली येतात, त्याआधी हंडे भरून ठेवावे लागतात. थोरली आई घरी येऊन रिंगणाचं इतकं रंगवून सांगायची की आम्हाला वाटायचं ती पहिल्या रांगेत असते.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या आणि पुढं पंढरपूर. दर्शनाच्या रांगेत उभं राहायची तिची पद्धत नव्हती. नामदेव पायरीवर डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे आणि बाजारात शिरायचं. आळीतल्या प्रत्येक घरासाठी कुंकू, बुक्का आणि चुरमुरे, शिवाय येऊ न शकलेल्या म्हाताऱ्यांसाठी चंद्रभागेचं पाणी. दुकानदाराशी कुंकवावरून घासाघीस मी तिच्याइतकी केली नाही, त्यामुळे जास्त पैसे गेले.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला आणि लगेच आमच्या दिंडीत पुढच्या वर्षीच्या भिशीची, म्हणजे दिंडीच्या वर्गणीची, वही निघाली. हंडेवाल्यांमध्ये आता सगळ्यात जुन्या असलेल्या आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"पोरी, तुजं नाव घालू का? रजा मिळंल का आत्ताच सांग. न्हाय तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

"मिळेल."

"बरं. आनि ती ओढणीची चुंबळ आणू नको. घसरती. जुन्या लुगड्याची आण."