न्यायाधीशाला कोण शिकवतं?

‘मॅडम, न्यायाधीश झाल्यावर पुन्हा ट्रेनिंग कसलं?’ निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारतात. मनात दोनांपैकी एक शंका असते. एकतर ही सरकारी खर्चाची सहल असावी, नाहीतर ज्याचं अजून शिकायचं बाकी आहे त्याने आमचा निकाल का द्यावा? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पहिल्या नेमणुकीचं ट्रेनिंग सगळ्यांना पटतं. एमपीएससीची परीक्षा झाली, मुलाखत झाली की भाईंदरजवळ उत्तनला, महाराष्ट्र न्यायिक अकादमीत जायचं. पण पुढेही बोलावणं येतच राहतं. बढती मिळाली की, नवा कायदा आला की, किंवा नुसतंच, वेळापत्रकात नाव लागलं म्हणून. भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, 1993 साली नोंदलेली. तिथे तर उच्च न्यायालयांचे न्यायमूर्तीही वर्गात बसतात. हे सांगितलं की पंगतीतल्या माणसाचा घास हातातच राहतो.

नवा कायदा हे कारण समजायला सगळ्यात सोपं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318. आकडे होतात पाठ. खरी कसरत वेगळी आहे. त्या तारखेच्या आधीच्या गुन्ह्याला जुनं कलम, नंतरच्याला नवं, आणि दोन्ही खटले एकाच दिवशी एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुराव्यात द्यायचं तर प्रमाणपत्रात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू हवी, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायची आकडे-अक्षरांची खूण. ती कशी काढतात, ती जुळली नाही तर काय समजायचं, हे माझ्या वयाच्या न्यायाधीशाला कोणत्या लॉ कॉलेजने शिकवलं होतं?

तरीही कायदा घरी बसून वाचता येतो. घरी शिकता येत नाहीत अशा गोष्टींसाठी अकादमी लागते.

साक्ष नोंदवणंच घ्या. उलटतपासात वकील विचारतात, ‘तुम्ही त्या वेळी तिथे नव्हताच ना?’ शेतमजूर बाई पिंजऱ्यात घाबरलेली. ती म्हणते, ‘नाही.’ म्हणजे काय? ती तिथे नव्हती, की वकील म्हणतात ते खरं नाही? आपल्याकडे साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत नाही, सलग हकिकतीसारखी लिहून घेतात. न्यायाधीश स्टेनोला सांगतो, ‘मी हजर नव्हते असे म्हणणे खरे नाही.’ झालं. बाईचा ‘नाही’ संपला, न्यायाधीशाचं वाक्य उरलं. पुढे अपिलात जो कोणी वाचेल तो हेच वाचेल. कायद्याने अशा जागी प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहायची मुभा दिली आहे, पण बोर्डावर पुढची मॅटर्स खोळंबलेली असताना ती कोणाला आठवते? अकादमीत एका सहकाऱ्याला साक्षीदार करतात, सगळ्यांनी तीच उत्तरं नोंदवायची आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. एकाच ‘नाही’चे तीन वेगवेगळे अर्थ कागदावर उतरलेले दिसले की वर्गातली कुजबुज थांबते.

लहान मुलांच्या साक्षीचं तर आणखी अवघड. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात वकिलांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात. प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचे आणि न्यायाधीशाने ते मुलाला विचारायचे. कलम वाचायला एक मिनिट पुरतं. पण सहा वर्षांच्या मुलीला ‘आरोपीने तुझ्याशी गैरवर्तन केले काय?’ असं विचारून चालत नाही, आणि तिच्या तोंडी उत्तर घालूनही चालत नाही. या दोन्हींच्या मधलं बोलणं सरावानेच येतं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात 2022 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीदारांसाठी देशभर वेगळी साक्ष-केंद्रं उभारायला सांगितलं, आणि न्यायाधीशांसह सगळ्यांच्या प्रशिक्षणाचं काम न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या समितीकडे दिलं. केंद्रात खेळणी ठेवून भागत नाही, समोर बसलेल्याला बोलता आलं पाहिजे, एवढं तरी त्यात मान्य झालं.

दुसरं म्हणजे, न्यायाधीशाला तोंडावर कोणी काही सांगत नाही. वकील बाहेर कँटीनमध्ये काय म्हणायचं ते म्हणतात, डायससमोर ‘मच ऑब्लाइज्ड’. शिरस्तेदाराला, म्हणजे कोर्टातल्या वरिष्ठ कारकुनाला, सगळं दिसत असतं, तो बोलत नाही. गोपनीय अहवालात निकाली काढलेल्या कामाची युनिटं मोजली जातात. अपिलात निकाल फिरला तर ते कळतं वर्षांनी, तोवर आपली दोनदा बदली झालेली असते. मग चुकीची सवय चुकीची आहे हे कळायचं कसं? अकादमीत एक जुना, साधा खेळ आहे. चोरीच्या एका खटल्याची हकिकत सगळ्यांना वाटायची, गुन्हा शाबीत झाला असं धरायचं, आणि शिक्षा किती ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नावं नाहीत. एका चिठ्ठीवर चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटका, दुसरीवर तीन वर्षं. आरोपी तोच, कागद तोच. आपली चिठ्ठी टोकाची निघाली हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं, आणि घरी येताना गाडीत तेवढंच डोक्यात राहतं.

म्हणून मला एका गोष्टीचा राग येतो. अकादमीची आता शिक्षा होऊ लागली आहे. 2023 मध्ये अटक आणि जामिनाबाबतचे निर्देश पाळले जात नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ते डावलून आदेश देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं न्यायिक काम काढून घ्या आणि त्यांना काही काळ अकादमीत पाठवा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या दोन न्यायिक अधिकाऱ्यांना एका जामीन प्रकरणावरून किमान सात दिवसांच्या खास प्रशिक्षणाचा आदेश झाला. वरच्या न्यायालयाचं दुखणं मला कळतं. वर्षानुवर्षं सांगूनही खाली कोणी ऐकत नसेल तर करायचं काय? पण गुरुजींनी पोराला शाळेत बसायचीच शिक्षा द्यावी तसं हे झालं. उद्या वर्गात कोणी हात वर करून ‘हे मला जमत नाही’ म्हणेल का? 2021 मध्ये, विनयभंगाच्या आरोपीच्या जामिनाला घातलेली राखी बांधून घेण्याची अट रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावाचं प्रशिक्षण सगळ्याच न्यायाधीशांच्या पाठ्यक्रमात घालायला सांगितलं. ती वाट बरी होती. सगळ्यांनीच बसायचं म्हटलं की कोणाची मान खाली जात नाही.

शिकवतं कोण, तर बहुतेक न्यायाधीशच. मधूनच न्यायवैद्यकाचे डॉक्टर, सायबरचे पोलीस अधिकारी. माझ्या हातात असतं तर मी एक निवृत्त बेलिफ बोलावला असता, समन्स का बजावलं जात नाही ते सांगायला. आणि दहा वर्षं तारखा खाल्लेली एखादी पक्षकार बाई.

नव्या मुलांपुरतं म्हणाल तर न्यायाधीश होण्याआधी काही वर्षं वकिली केलेली असावी ही अट 2002 मध्ये काढली, 2025 च्या मे महिन्यात तीन वर्षांची अट परत आली. त्याच निकालात कोर्ट चालवण्याआधी किमान वर्षभराचं प्रशिक्षणही सक्तीचं केलं. अटीवर वकील मंडळी अजून वाद घालतात. मला ते वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं, फक्त ते सगळं वर्गात जाऊ नये. निम्मं तरी तालुक्याच्या कोर्टात, मागच्या बाकावर.

आता सहलीची शंका. व्याख्यान ऐकवून दुपारचं जेवण देणारे कार्यक्रमही असतात, नाही म्हणत नाही. पण त्याहून खरी तक्रार पक्षकाराची आहे. पहाटेची एसटी पकडून तो तालुक्याला येतो, ‘साहेब ट्रेनिंगला गेलेत’ ऐकतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. त्याची मजुरी बुडते. याला उत्तर अवघड नाही. प्रशिक्षणाचं वेळापत्रक आधीच ठरतं. त्या दिवसांना पुराव्याची मॅटर्स लावायची नाहीत, आणि लागलीच तर आधी कळवायचं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संगणक यंत्रणेतून तारखेचे एसएमएस जातातच, त्यातच हाही जाऊ शकतो.