फ्रिजवरची आकृती

गेल्या मंगळवारी प्रोफेसरांचा ईमेल आला, 'तुझ्या कोडबद्दल बोलायचंय', आणि पोह्यांचा चमचा हातातच राहिला. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, एक केटी (म्हणजे राहिलेला विषय) नाही, आणि इथे परदेशात येऊन कॉपीची चौकशी!

झालं असं की असाइनमेंटमध्ये सी भाषेत स्वतःचं मॅलॉक लिहायचं होतं. म्हणजे मेमरीचे ब्लॉक द्यायचे, परत घ्यायचे आणि शेजारशेजारचे रिकामे झाले की जोडून टाकायचे. जोडण्याच्या चार केसेस: मागचा रिकामा, पुढचा रिकामा, दोन्ही, नाहीतर कुठलाच नाही. मी आणि रूममेटने (ती नेरूळची, मी नौपाड्यातली, त्यामुळे आमटीत गूळ किती यावरूनही वाद) रात्री एक वाजता फ्रिजच्या दारावर मार्करने या चारही केसेसची आकृती काढली आणि मग आपापल्या खोलीत जाऊन आपापला कोड लिहिला. शपथेवर सांगते, तिची स्क्रीन मी बघितली नाही. पण आकृतीतच लोचा होता, 'मागचा रिकामा' वाल्या केसमध्ये फूटरला (ब्लॉकच्या शेवटी त्याची साइज नोंदवतात ती जागा) नवीन साइज लिहायची राहिली होती, आणि ती चूक दोघींच्या कोडमध्ये जशीच्या तशी उतरली.

इथे कोडमधली कॉपी पकडायला मॉस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, बर्कलीमध्ये 1994 मध्ये तयार झालेलं. ते कोडचे बारीक तुकडे करून त्यांचे ठसे जुळवतं, व्हेरिएबलची नावं बदला, स्पेस टाका, त्याला काही फरक पडत नाही. सापडलो.

प्रोफेसर अजिबात चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले चर्चा केलीत ते ठीक, पण कोणाशी केली ते फाइलच्या वर लिहायचं असतं, सिलॅबसमध्ये आहे. अकरा पानी सिलॅबस कोण वाचतं हो? दोघींचे वीस-वीस मार्क गेले.

आता आपल्याकडचं आठवा. प्रॅक्टिकलच्या जर्नलचं सबमिशन म्हणजे अख्खी बॅच एकाच जर्नलवर तुटून पडायची. आमच्यातल्या एकाने प्रिंट दिली तर आउटपुटच्या स्क्रीनशॉटमध्ये सीनियरचा रोल नंबर! सरांनी पेनाने तो खोडला, याचा लिहिला आणि सही केली. ती कॉपीच होती, मान्य. पण स्टेशनवर ट्रेनची वाट बघताना मैत्रिणीने मला पॉइंटर समजावले, ते वहीच्या मागच्या पानावर, तिचं नाव मी कुठे लिहायचं होतं? नेमका फरक कुठे आहे ते मला त्या मीटिंगमध्ये इंग्रजीत धड सांगता आलं नाही, मराठीत तरी आलं असतं का कोण जाणे.

रात्री साडेनऊला फोन केला, ठाण्यात सकाळचे सात. आई म्हणाली, "अगं, मैत्रिणीबरोबर अभ्यास केला तर गुन्हा कसला? तुझ्या बाबांनी बँकेच्या परीक्षेचा अख्खा अभ्यास लोकलमध्ये ग्रुपबरोबर केला." मागून बाबा: "पेपर मात्र ज्याने त्याने दिला हो!" धन्यवाद बाबा.

शनिवारी मी लायब्ररीत लहान मुलांना स्क्रॅच (मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकवते, फुकट. कळव्याला रविवारी शिकवायचो तेव्हा एका लॅपटॉपवर पाच पोरं, माऊस एकाच्या हातात आणि हुकूम चौघांचे. इथे प्रत्येकाला वेगळा लॅपटॉप, वर हेडफोन, कोणी कोणाला विचारत नाही. आमची पोरं जास्त शिकायची, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

तर या शनिवारी नऊ वर्षांच्या एका मुलीने माझा मांजराचा भुलभुलैया रीमिक्स केला, म्हणजे माझ्या प्रोजेक्टची प्रत घेऊन त्यात बदल केले, मांजराच्या जागी डायनासोर. पानावर माझ्या युझरनेमला थँक्स आपोआप आलं, स्क्रॅच ते स्वतःच टाकतं, पोरीला काही लिहावं लागलं नाही. आणि माझं मांजर एका कोपऱ्यात भिंतीतून आरपार जायचं, तसा तिचा डायनासोरही गेला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हा माझा बग आहे.

पुढच्या असाइनमेंटला पहिल्याच ओळीत रूममेटचं नाव टाकलं. फ्रिजचंही टाकणार होते, तिने टाकू दिलं नाही.